नागोराव जोगदंड यांचा घसा

कोथरूडमधील पारिजातक सहकारी गृहरचना संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर, सदनिका क्रमांक नऊमध्ये वास्तव्य करून असलेले श्री. नागोराव जोगदंड यांचा घसा गेली अकरा वर्षे बसलेला होता, आणि तो उठावा म्हणून संपूर्ण संस्था आपापल्या परीने झटत होती. तळमजल्यावरील राधाताईंनी ज्येष्ठमधाच्या काड्या पुरवल्या होत्या. संस्थेचे सचिव दिगंबरपंत बेहेरे यांनी अडुळशाच्या पाकाची बाटली स्वतः जिना चढून आणून दिली होती आणि तिच्यावर स्वहस्ताक्षरात चिठ्ठी चिकटवली होती : 'दिवसातून दोन वेळा. जेवणानंतर. आधी नव्हे.' नागोराव प्रत्येकाचे आभार मानत, परंतु इतक्या हळू आवाजात, की पुष्कळांना ते केवळ ओठांच्या हालचालीवरूनच समजून घ्यावे लागत. असा मृदुभाषी गृहस्थ आपल्या जिन्यात राहतो याचा संस्थेला अभिमान होता.

वस्तुस्थिती सांगावयाची तर नागोरावांचा घसा ठणठणीत होता. तो इतका ठणठणीत होता, की त्यावरच त्यांच्या कुटुंबाचा उदरनिर्वाह चालत होता. चुकीच्या जागी लावलेल्या दुचाक्या साखळी लावून उचलणारी आणि चौकीवर नेऊन टाकणारी जी गाडी असते, त्या गाडीत चालकाशेजारी बसून हातात माइक धरणारा जो मनुष्य असतो, तो मनुष्य म्हणजे नागोराव. उचलण्यापूर्वी गाडीचा क्रमांक पुकारावा, रंग सांगावा आणि मालकास धावत येण्यापुरता अवधी द्यावा, असा नियम आहे. नागोराव तो नियम धर्मासारखा पाळत. त्यांचा आवाज ऐकून लोक अर्ध्या दाढीने रस्त्यावर आले आहेत. एक गृहस्थ तर दंतवैद्याच्या खुर्चीतून, जबड्यात कापूस तसाच ठेवून धावले होते आणि त्या अवस्थेतही त्यांनी नागोरावांना जे काही म्हटले, ते पूर्णपणे समजले होते. समाजात काही व्यवसाय असे असतात, की ज्यांच्यावाचून समाजाचे चालत नाही आणि ज्यांचे तोंडही समाजाला पाहवत नाही. त्या यादीत नागोरावांचा क्रमांक बराच वर होता.

परभणीहून पुण्यास येऊन, भाड्याच्या खोल्यांत दिवस काढून, अखेर या संस्थेत ते राहावयास आले, त्याच आठवड्यात दिगंबरपंतांची करड्या रंगाची स्कूटर उचलली गेली. त्या सायंकाळी दिगंबरपंत जिन्यात उभे राहून सर्वांना सांगत होते, "त्या माइकवाल्याचा आवाज मी मेलो तरी विसरणार नाही." आणि मग शेजारी उभ्या असलेल्या नव्या सभासदाकडे वळून त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले, "आपलं नाव?"

त्या क्षणी नागोरावांचा घसा जो बसला, तो बसलाच.

व्यवसायाविषयी विचारल्यास 'वाहतूक खात्याशी संबंधित' असे ते पुटपुटत. कामावर असताना तोंडाला धुळीचे निमित्त करून रुमाल बांधत. संस्थेची गल्ली आली, की चालक फैझल गाडी बैलगाडीच्या वेगाने नेई, आणि नागोराव एकेक क्रमांक एकदा नव्हे, तीन तीन वेळा पुकारत. त्यामुळे संस्थेतील तेवीस वाहनांचे क्रमांक त्यांना परवचा पाठ असावी तसे पाठ झाले होते. परंतु या ढोंगाची किंमत मोठी होती. गणपतीच्या आरतीत ते अकरा वर्षे नुसते ओठ हलवत होते. मुलगी श्रद्धा हिंजवडीला नोकरीला लागली, ते पेढे वाटतानासुद्धा त्यांना कुजबुजावे लागले. इतर बाप खालून बिनदिक्कत 'अगं ए, किल्ली टाक' असे ओरडत, नागोराव तीन जिने चढून जात आणि दाराशी उभे राहून हळूच म्हणत, "किल्ली."

"लहानपणी तुम्ही हाक मारली, की मला चार गल्ल्या पलीकडून ऐकू यायचं, बाबा," श्रद्धा एकदा म्हणाली होती. ते वाक्य नागोरावांच्या मनात सल होऊन राहिले होते.

अशा परिस्थितीत दूरदर्शन संचावर 'काळजाला कुलूप नाही' ही मालिका सुरू झाली, आणि तिचा नायक निघाला भैरू नावाचा, गाड्या उचलणारा मनुष्य!

या भैरूने महाराष्ट्राच्या अंतःकरणाचा ताबा घेतला. तो एकट्याने दोन्ही हातांवर स्कूटर उचले, जणू तान्हे मूल आहे. उचलताना त्याचे डोळे भरून येत. गाडी एखाद्या विधवेची निघाली, तर तो ती पुन्हा खाली ठेवून तिच्यापुढे एक चाफ्याचे फूल ठेवी. लोक त्याला चप्पल मारत आणि तो त्या चपला गोळा करून अनाथाश्रमास नेऊन देई. नागोरावांना यात तांत्रिक दोष पुष्कळ दिसले. हँडल लॉक असलेली स्कूटर दोन धडधाकट गड्यांनाही आवरत नाही. आणि चपला फेकणारे लोक नंतर त्या परत मागतात. पण साडेआठ वाजता संपूर्ण इमारतीतून हुंदके ऐकू येऊ लागले, तेव्हा त्यांनी दोष काढणे सोडून दिले.

"बिचारा भैरू," राधाताई जिन्यात डोळे पुसत म्हणाल्या. "आपण कधी या लोकांचा विचारच केला नाही हो."

"त्यांचंही एक काळीज असतं," दिगंबरपंत म्हणाले. त्यांची स्कूटर तोपर्यंत तीन वेळा उचलली गेली होती, हे लक्षात घेतल्यास या वाक्याचे मोल कळेल.

नागोराव ते ऐकून घरी आले, दार लावले आणि पत्नी इंदुबाई यांस म्हणाले, "मी सांगून टाकणार. सगळ्यांसमोर. भर सभेत."

इंदुबाई वांगी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "काय सांगणार?"

"की मी भैरू आहे."

"लोकं टीव्हीतल्याला रडायलेत, तुम्हाला नाही," इंदुबाई म्हणाल्या. "टीव्हीतला त्यांची गाडी उचलत नाही. तुम्ही उचलता."

परंतु नागोरावांचा निश्चय झाला होता. योगायोगाने संस्थेचा वर्धापन दिन एक फेब्रुवारीला, रविवारी येत होता, आणि भैरूची भूमिका करणारे नट श्री. साईराज मोहोळकर यांस प्रमुख पाहुणे म्हणून पाचारण करण्याचा ठरावही संमत झाला होता. प्रत्यक्ष भैरूच्या साक्षीने सत्य सांगावे, आणि त्याच्या प्रकाशात आपणही थोडेसे उजळून घ्यावे, यापरता चांगला मुहूर्त नव्हता.

नागोरावांनी सचिवांना रीतसर अर्ज लिहिला : 'वर्धापन दिनी एका वैयक्तिक निवेदनासाठी दोन मिनिटे मिळावीत.' दिगंबरपंतांनी तो परत केला, कारण अर्ज तीन प्रतींत नव्हता. तीन प्रतींत दिला, तेव्हा तो परत आला, कारण निवेदनाचे स्वरूप नमूद नव्हते. नागोरावांनी बराच विचार केला. खरे आधीच लिहिले तर सभेपूर्वीच सभा होणार, आणि खोटे लिहिणे त्या अर्जापुरते तरी त्यांना नको होते. अखेर त्यांनी लिहिले : 'स्वरूप : घशासंबंधी.'

हा शब्द लिहिणे ही त्यांच्या आयुष्यातील अत्यंत गंभीर चूक ठरली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी राधाताई मऊ गुरगुट्या भाताचे पातेले घेऊन दारात उभ्या राहिल्या. "गिळायला सोपं जाईल," असे म्हणून त्या चटकन वळल्या; त्यांना रडू आवरत नव्हते. सायंकाळपर्यंत संस्थेत एकमत झाले, की जोगदंडांना घशाचे काहीतरी भयंकर झाले आहे आणि ते आता सर्वांचा निरोप घेणार आहेत. एका सभासदाने कर्वे रस्त्यावरील घशाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली. दुसऱ्याने, आपल्या मेहुण्याला हेच झाले होते असे सांगितले; मेहुणा आता कसा आहे, असे विचारताच तो विषय बदलून निघून गेला. ज्या शेजाऱ्यांशी नळाच्या वेळेवरून सहा वर्षे अबोला होता, त्यांनी जिन्यात नागोरावांच्या हातातील भाजीची पिशवी हिसकावून घेतली.

"अहो, तसं काही नाही," नागोराव कुजबुजत. ती कुजबुज ऐकून ऐकणाऱ्यांचे उरलेसुरले धैर्यही खचत असे.

तीन दिवस जोगदंड कुटुंबाने गुरगुट्या भात खाल्ला. चौथ्या दिवशी दिगंबरपंत सुधारित कार्यपत्रिका घेऊन आले. तिच्यात विषय क्रमांक सहा होता : 'दुर्धर घशाशी धैर्याने झुंज देणारे सभासद श्री. ना. जोगदंड यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार. हस्ते : श्री. साईराज मोहोळकर.'

"पंत, मला काही सांगायचंय..." नागोराव म्हणाले.

"काही सांगू नका. त्या दिवशी दोन मिनिटं दिली आहेत, तोपर्यंत आवाज जपून ठेवा."

इंदुबाई आतून म्हणाल्या, "आता खरं सांगितलं, तर लोकं म्हणतील, मरणार म्हणून भात खाल्ला आणि मेलाच नाही."

इतक्या नेमक्या शब्दांत परिस्थितीचे वर्णन नागोरावांनाही करता आले नसते.

कार्यक्रम इमारतीखालच्या वाहनतळात होणार असल्यामुळे एकतीस तारखेलाच तेथे मांडव पडला, आणि तेवीसच्या तेवीस वाहने समोरच्या रस्त्यावर गेली. आता त्या रस्त्यावर पी-एक आणि पी-दोन अशा पाट्या होत्या. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाड्या लावायच्या आणि सम तारखेला दुसऱ्या, अशी ही व्यवस्था आहे. पुणेकर तारीख पाहत नाही. तो फक्त 'काल इकडे, आज तिकडे' एवढेच जाणतो आणि एरवी ते बरोबरच असते. घोटाळा होतो तो एकतीस तारखेनंतर. एकतीस विषम आणि त्यानंतर येणारी एक तारीखही विषम. म्हणजे त्या एक तारखेला गाड्या हलवायच्याच नसतात. परंतु सवयीने सारे शहर हलवते. म्हणूनच गाड्या उचलणाऱ्यांच्या धंद्यात अशी एक तारीख म्हणजे सुगीचा दिवस.

एक फेब्रुवारीच्या सकाळी नागोराव सज्जात आले आणि पाहतात, तो दिगंबरपंत गळ्यात शिटी अडकवून एकेक गाडी समोरच्या बाजूस नेत आहेत. "काल इकडे, आज तिकडे! चला, शिस्तीत!"

नागोराव धावत खाली गेले. "पंत, आज हलवू नका, आज..."

"जोगदंड!" दिगंबरपंतांनी आपल्या हाताने त्यांचे तोंड बंद केले. "एक शब्द बोलू नका. घशाला ताण नको."

नागोरावांनी खिशातून कागद काढला आणि त्यावर कारण लिहून दिले. दिगंबरपंतांजवळ चष्मा नव्हता. "लेखी सूचना सूचनापेटीत," ते म्हणाले. सूचनापेटी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उघडण्यात येत असे, आणि तो शनिवार आदल्या दिवशीच होऊन गेला होता.

त्यांनी फैझलला फोन केला.

"कशाला घाबरताय, नागोराव?" फैझल म्हणाला. "आज आपली गाडी डेक्कनला आहे. तुमच्या जागी एक नवीन माणूस दिलाय. माइक हातात घेतो आणि तंबाखू मळत बसतो. तुम्ही आरामात नारळ घ्या."

सायंकाळी श्री. साईराज मोहोळकर आपल्या पांढऱ्या मोटारीतून आले, आणि दिगंबरपंतांनी स्वतः शिटी वाजवून ती मोटारही रांगेच्या शेवटी, त्याच चुकीच्या बाजूस लावून घेतली. मग सर्वांना मोबाइल बंद करण्याची आज्ञा झाली. नागोरावांनीही बंद केला. बंद करताना पडद्यावर फैझलचे नाव चमकत होते, पण दिगंबरपंत पाहत होते.

मोहोळकरांचे भाषण सुरू झाले. भैरूची भूमिका करताना आपण किती रात्री झोपलो नाही, ते त्यांनी सांगितले. "गाडी उचलणाऱ्याचे हात काळे असतात, पण मन?" असे विचारून ते थांबले, आणि पहिल्या रांगेतील राधाताई "पांढरं!" असे म्हणून ओक्साबोक्शी रडू लागल्या. त्यानंतर मोहोळकरांनी नागोरावांना व्यासपीठावर बोलावले, अंगावर शाल घातली आणि त्यांना छातीशी धरून ते माइकमध्ये म्हणाले, "नियतीनं यांचा आवाज हिरावला. आजपासून मी यांचा आवाज होईन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि त्या कडकडाटात, नटाच्या सुगंधी खांद्यावर मान टेकलेली असताना, नागोरावांच्या कानांनी मांडवाबाहेरचा एक आवाज टिपला. साखळीचा. मग लोखंडाचा. मग आणखी एकदा साखळीचा. इतर कोणाला तो ऐकू येणे शक्य नव्हते. आईला जसे स्वतःचे मूल रडलेले कळते, तसे ते होते. रविवारी गाड्या उचलत नाहीत, अशी कोथरूडात एक गोड समजूत आहे. ती त्या क्षणी बाहेर लयाला जात होती. आणि पुकारा नव्हता. नवा माणूस तंबाखू मळत होता. एकही क्रमांक न पुकारता, मालकास अवधी न देता, गाड्या चढत होत्या.

नागोरावांनी मान वर केली. अंगावर शाल होती. समोर तेवीस वाहनांचे मालक त्यांच्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहत होते. अकरा वर्षांत कोणी त्यांच्याकडे असे पाहिले नव्हते आणि पुन्हा कधी पाहणार नव्हते. आपण गप्प राहिलो, तर गाड्या जातील आणि हे डोळे राहतील. बोललो तर नेमके उलट.

त्यांनी मोहोळकरांच्या हातातून माइक काढून घेतला.

"एमएच बारा, एक्कावन्न तेरा! करड्या रंगाची स्कूटर! गाडीमालक, कृपया आपली गाडी काढून घ्यावी!"

मांडवाचे खांब थरथरले. श्रद्धा मागच्या रांगेतून ताडकन उठून उभी राहिली.

"एमएच बारा, शहात्तर चाळीस! निळ्या रंगाची! कृपया काढून घ्यावी! एमएच बारा, वीस शून्य नऊ! लाल, पुढे टोपली!"

प्रथम कोणालाही अर्थबोध झाला नाही, कारण अर्थ डोक्यात पोहोचण्यापूर्वीच तो आवाज त्यांच्या पायांत पोहोचला होता. अख्खी संस्था धावत सुटली. राधाताई अनवाणी धावल्या. दिगंबरपंत शिटी वाजवत धावले. कागदाशिवाय, न चुकता, न थांबता नागोरावांनी तेवीस क्रमांक पुकारले. आणि बाहेर, ऐनवेळी डेक्कनहून इकडे धाडल्या गेलेल्या फैझलने तो आवाज ओळखून साखळी जागच्या जागी थांबवली. पुकारा चालू असेतोवर हात लावायचा नाही, ही त्या दोघांची अकरा वर्षांची रीत होती. वर चढवलेल्या दोन स्कूटरीही त्याने मुकाट्याने खाली उतरवल्या.

राहिली फक्त पांढरी मोटार. तिचा क्रमांक नागोरावांना पाठ नव्हता. तिच्या चाकाला लोखंडी जॅमर लागून गेला होता.

"ए! कोणाची गाडी आहे माहितेय का?" मोहोळकर ओरडले. "काढ ते आधी! हलकट कुठले, लोकांच्या गाड्या उचलून पोट भरता!"

"साहेब," फैझल शांतपणे म्हणाला, "तुम्ही तर आमचे भैरू. चौसष्टाव्या भागात तुम्हीच म्हणालात, कर्तव्यापुढे भैरू सख्ख्या भावालाही ओळखत नाही. तो भाग पाहून माझी अम्मी दोन दिवस जेवली नाही." आणि मग तो म्हणाला, "चाफ्याचं फूल आणलं नाहीये, तेवढं सांभाळून घ्या."

सारे सभासद आपापल्या गाडीचे हँडल धरून उभे होते. हळूहळू एकेक मान मांडवाकडे वळली. शाल पांघरलेले नागोराव माइक धरून तसेच उभे होते.

"म्हणजे तो माइकवाला..." दिगंबरपंत म्हणाले.

"अहो, मी तीन दिवस गुरगुट्या भात आणत होते!" राधाताई म्हणाल्या.

नागोरावांना बोलण्यासाठी दोन मिनिटे मंजूर झालेली होती. ती त्यांनी वापरली नाहीत. आता सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. गाड्या पुन्हा पी-एकच्या बाजूस लावून झाल्यावर बटाटेवडे सर्वांनी खाल्ले, कारण पुण्यात मनुष्य कितीही दुखावला तरी वर्गणीचा वडा टाकत नाही. परंतु नागोरावांशी कोणी बोलले नाही. नळाच्या वेळेचा अबोला पूर्ववत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दार वाजले. दिगंबरपंत उभे होते.

"अडुळशाची बाटली परत न्यायला आलोय," ते म्हणाले. "जेवढा पाक वापरला असेल, तेवढं लेखी द्या."

नागोरावांनी तोंड उघडले. आतून केवळ वारा आला. तेवीस क्रमांक एका दमात पुकारल्यामुळे अकरा वर्षांत प्रथमच त्यांचा घसा खरोखर बसला होता.

"पुरे आता ते नाटक!" दिगंबरपंत कडाडले.

"नाटक नाही ओ," इंदुबाई म्हणाल्या. "रात्रीपासून असंच आहे. मला चहा मागायचा तर टाळ्या वाजवायलेत."

दिगंबरपंतांनी नागोरावांच्या गळ्याकडे बराच वेळ पाहिले. "माझी स्कूटर तीन वेळा उचलली. तिन्ही वेळा तुम्हीच?"

नागोरावांनी मान हलवली.

"तिन्ही वेळा मी कुठे होतो माहितेय? समोरच्या दुकानात, वर्तमानपत्र वाचत. तुमचा पुकारा ऐकत होतो. म्हटलं, अजून एकदा पुकारेल, मग उठू." ते पुढे म्हणाले, "तुम्ही दर वेळी 'कृपया' म्हणायचात. कालच्या त्या माणसानं तर तोंडच उघडलं नाही. आणि तो भैरू... दोनशे भाग झाले, त्यानं कधी 'कृपया' म्हटलंय?"

इंदुबाईंनी आणून दिलेली बाटली त्यांनी उजेडात धरून पाहिली. ती भरलेलीच होती; अकरा वर्षांत झाकणही उघडले गेले नव्हते. हे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो राग दिसला, तो कालच्या रागाहून पुष्कळ मोठा होता. त्यांनी बाटली खाडकन टेबलावर ठेवली.

"ही जुनी झाली, टाकून द्या. दुपारी नवी पाठवतो. जेवणानंतर. आधी नव्हे." आणि जिना उतरता उतरता ते म्हणाले, "आज दोन तारीख. आता हलवायच्या की नाही, ते तरी सांगाल? बोलता येत नसेल तर हातानं सांगा. पण नीट सांगा."

आठ वाजता नागोराव सज्जात आले. खाली सारी संस्था आपापल्या गाडीजवळ उभी राहून, त्यांच्याकडे मुळीच पाहत नाही असे दाखवत, वर पाहत होती. शेजारी श्रद्धा ऑफिसची पिशवी घेऊन उभी होती. तिला कंपनीच्या बसची घाई होती, तरी ती थांबली होती. नागोरावांनी उजवा हात उचलला आणि रस्त्याच्या पलीकडे सरळ धरला. सम तारीख. पी-दोन.

दिगंबरपंतांनी शिटी फुंकली.

"चला! गाड्या तिकडे!" ते ओरडले. मग त्यांनी एकवार वर सज्जाकडे पाहिले, आणि दात उपटल्यासारखा चेहरा करून पुढचा शब्द उच्चारला.

"कृपया!"